कोरलेला किल्ला की बांधलेला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात फ्रान्सच्या अल्सास प्रदेशातील फ्लेकेनस्टाइन या मध्ययुगीन किल्ल्याचे छायाचित्र आणि त्याविषयीचे छोटे टिपण छापले होते. उभ्या, तांबूस खडकाच्या पोटात कोरलेले जिने आणि दालने पाहून अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : असे किल्ले खरोखरच अखंड खडकातून कोरून काढलेले असत का? लेणी जशी कोरली जातात, तसाच हा प्रकार समजायचा का?

तसा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो बरोबर नाही. फ्लेकेनस्टाइनचा खडक म्हणजे सुमारे १०० मीटर लांब आणि जेमतेम काही मीटर रुंद असा वालुकाश्माचा कणा आहे. त्याच्या आत जिना, दालने आणि कोठारे कोरलेली आहेत, हे खरे. परंतु त्याच खडकाचे बाहेरचे अंग नीट न्याहाळले, तर चौकोनी खोबण्यांच्या आडव्या रांगा एकावर एक दिसू लागतात. त्या खोबण्यांत एके काळी तुळयांची टोके बसवलेली होती आणि त्या तुळयांवर लाकडी मजले, सज्जे आणि उतरती छपरे उभी होती. खडकाच्या माथ्यावर दगड-चुन्याचे वाडे आणि भिंती होत्या त्या वेगळ्याच. म्हणजे किल्ला राबता होता त्या काळात पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला आज दिसतो तेवढा उघडा कातळ दिसतच नसे. त्याचा बराचसा भाग बांधकामाने झाकलेला असे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा युक्रेनच्या कार्पेथियन डोंगररांगेत, ल्विव्ह प्रांतातील उरिच गावाजवळच्या तुस्तान येथे सापडतो. नवव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान तेथे मिठाच्या व्यापारी मार्गावर नजर ठेवणारा आणि जकात वसूल करणारा किल्ला होता. तो जवळजवळ सगळा लाकडी होता आणि आज त्यातला एकही मजला उभा नाही. उरल्या आहेत त्या खडकावर कोरलेल्या हजारो खाचा, खोबण्या आणि ओंडके टेकवण्यासाठी तासलेल्या पायऱ्या. मिखाइलो रोझ्को या संशोधकाने १९७१ पासून या खाचांची मोजमापे घेतली, कोणत्या खाचेत कोणता ओंडका बसत असेल याचा हिशेब मांडला आणि त्यावरून ठिकठिकाणी पाच मजल्यांपर्यंत चढत गेलेल्या किल्ल्याचे चित्र कागदावर पुन्हा उभे केले. आमच्या मते या विषयातले सर्वांत चिकाटीचे काम हेच असावे, कारण खोबणीचा कोन आणि खोली यांपलीकडे हाताशी फारसे काही नव्हते.

कोरीव भाग तेवढा टिकला, याचे कारणही साधे आहे. लाकूड जळते किंवा कुजते. बांधलेल्या भिंतींचे घडीव चिरे आयतेच मिळतात म्हणून भोवतालच्या गावांतले लोक किल्ला ओस पडल्यावर ते गाडीत घालून नेतात. खडकात कोरलेली पोकळी मात्र कोणाला नेता येत नाही. त्यामुळे शतकांनंतर किल्ला पाहायला जाणाऱ्याला जे दिसते, ते पूर्वी तळघर, कोठार किंवा जिन्याची वाट असलेला भाग असतो, आणि तोच संपूर्ण किल्ला होता असा समज होतो. यापुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा या ना त्या रूपाने येणार आहे, म्हणून येथे थोडा विस्तार केला.

प्रश्न : कोणत्याही खडकात असे काम करता येते का?

तत्त्वतः येते, पण व्यवहारात मऊ आणि तरीही उभा राहू शकणारा खडकच निवडला गेला. अल्सासचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला जर्मनीतील पॅलेटिनेट हा डोंगराळ प्रदेश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या तांबड्या वालुकाश्माचा आहे. त्यात कठीण आणि ठिसूळ थर आलटून पालटून येतात. ठिसूळ थर झिजून जातात, कठीण थर उभे राहतात आणि जंगलातून एकाएकी वर आलेले अरुंद, सरळसोट सुळके तयार होतात. फ्लेकेनस्टाइन, द्राखेनफेल्स आणि डान गावाशेजारी एकाच कण्यावर ओळीने उभे असलेले आल्टडान, ग्राफेनडान व टानश्टाइन हे तीन किल्ले याच प्रदेशातले. उत्तर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, स्लोउप आणि वालेचोव्ह येथेही वालुकाश्मच आहे.

तुर्कस्तानातील कॅपाडोशियात ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेला टफ हा खडक आहे. ताजा कापताना तो सहज कापला जातो आणि उघडा पडलेला पृष्ठभाग हवेने पुढे कडक होतो. उचहिसार आणि ओर्ताहिसार ही तेथली दोन कोरीव दुर्गशिखरे. फ्रान्समध्ये सेन नदीकाठी ला रोश-ग्वीयाँ येथे खडूचा पांढरा कडा आहे. बाराव्या शतकात सुजे या मठाधिपतीने या जागेचे वर्णन करताना, कड्याच्या पोटात असल्यामुळे बाहेरून न दिसणारा किल्ला असे म्हटले आहे. पुढे कड्याच्या माथ्यावर बुरूज उभा राहिला आणि खडूतून कोरलेल्या भुयारी जिन्याने तो खालच्या वाड्याला जोडला गेला. (१९४४ साली जर्मन सेनापती रोमेलने आपले मुख्यालय येथेच थाटले होते, आठशे वर्षांनंतरही त्या कड्याची उपयुक्तता संपलेली नव्हती.) प्रोव्हान्समधील ले बो येथे चुनखडक आहे. तेथे दालने आणि कबुतरखान्याचे कोनाडे कड्यात कोरलेले आहेत, आणि ॲल्युमिनियमचे जे खनिज १८२१ साली येथे ओळखले गेले, त्याला पुढे याच गावावरून बॉक्साइट हे नाव मिळाले.

ग्रॅनाइटसारख्या खडकात मात्र कोणी फारसे आत शिरले नाही. तेथे माथा सपाट करून वर बांधकाम करणे परवडत असे.

प्रश्न : सुरुंगाची दारू नव्हती, मग कोरत कसे आणि निघालेल्या दगडाचे काय करत?

हत्यारे मोजकीच होती : लांब दांड्याची टोकदार सुतकी, छिन्नी, हातोडा, घण आणि लोखंडी पाचरी. जेथे केवळ पोकळी हवी होती, तेथे सुतकीने खडक फोडून काढत. अशा दालनाच्या भिंतीवर विजेरीचा उजेड आडवा टाकला, की तिरप्या, समांतर ओरखड्यांचे पट्टे उठून दिसतात. एका पट्ट्यात रेघा उजवीकडे झुकलेल्या आणि खालच्या पट्ट्यात डावीकडे, असे असेल तर पाथरवटाने उभे राहण्याची जागा किंवा हात बदलला, असा अंदाज बांधता येतो. जेथे दगड चिरा म्हणून वापरायचा होता, तेथे ओळीने खाचा पाडून त्यांत पाचरी ठोकत आणि थराच्या नैसर्गिक भेगेवरून ठोकळा सुटा करत.

निघालेल्या दगडाविषयीचा प्रश्न फार चांगला आहे, कारण या किल्ल्यांचे अर्थकारण त्यातच आहे. डोंगराच्या सोंडेवरच्या किल्ल्याला मागच्या बाजूने धोका असे. तेथे सोंड आडवी कापून खोल खंदक काढत. त्या खंदकातून निघालेला दगड लगेच समोरच्या भिंतीत बसे. म्हणजे खंदक हीच खाण होती. खडकाच्या बाजू सरळ उभ्या तासताना निघालेला माल, टाक्यातून निघालेला माल, कोठारातून निघालेला माल, सगळा वर जाई. अवघड सुळक्यावर खालून दगड चढवण्याचा खर्च त्यामुळे बराच वाचत असे.

हे चिरे जवळून पाहण्यासारखे असतात. अनेकांचा दर्शनी भाग मध्ये फुगीर, खडबडीत ठेवलेला आणि कडा मात्र नीट तासलेल्या असतात. साधारण तेराव्या शतकापासूनच्या कामात त्या फुगवट्याच्या मध्यावर बोटाची दोन पेरी जातील एवढा खळगा दिसतो. पुष्कळ पर्यटक तो गोळीचा घाव समजतात. प्रत्यक्षात चिरा उचलणाऱ्या लोखंडी चिमट्याचे टोक त्यात अडकवत. असाच दुसरा खळगा चिऱ्याच्या मागच्या अंगाला, भिंतीत दडलेला असतो.

प्रश्न : एवढ्या उंच सुळक्यावर पाणी कोठून येई?

मुख्यतः आभाळातून. छपरांचे पाणी पन्हळींतून टाक्यात सोडत. साधे टाके म्हणजे खडकात खोदलेला हौद, पण वालुकाश्म पाणी शोषतो, त्यामुळे आतून गिलावा किंवा चिकणमातीचा थर लागे. त्याहून सुधारलेला प्रकार गाळणीच्या टाक्याचा होता. मोठा खड्डा खोदून त्याला चिकणमातीचे अस्तर करत, मधोमध सांधे न भरता रचलेल्या दगडांची विहिरीसारखी नळी उभी करत आणि भोवतालची सगळी जागा वाळू व खडीने भरत. पावसाचे पाणी वाळूतून झिरपत नळीत जमा होई आणि तेथून पोहऱ्याने काढले जाई. वरून पाहणाऱ्याला ती विहीर वाटे. प्रत्यक्षात ती गाळणी असे. ही वाळू अधूनमधून उपसून बदलावी लागे, आणि वेढ्याच्या काळात ते शक्य नसे.

खरी विहीर खोदणे हे पिढीजात श्रीमंती असलेल्यांचे काम होते. जर्मनीतील किफहॉयझर येथील किल्ल्याची विहीर १७६ मीटर खोल आहे, यावरून त्या खर्चाची कल्पना यावी. फ्लेकेनस्टाइनला पाणी वर ओढण्यासाठी खडकाला लागून स्वतंत्र मनोरा होता आणि त्यात माणसाने आत शिरून पायांनी चालवायचे मोठे लाकडी चाक बसवलेले होते.

प्रश्न : या कोरीव खोल्यांत सरदार आणि त्याचे कुटुंब राहत असे का?

क्वचितच. खडकातल्या खोलीत बाराही महिने सुमारे दहा अंशांचा गारवा आणि कायमची ओल असते. द्राक्षारस, धान्य आणि खारवलेले मांस यांना ती जागा मानवेल. माणसाला आणि चर्मपत्रावरच्या दस्तऐवजांना मानवणार नाही. घरमालकाची दालने वर, उजेडात, लाकडी तक्तपोशीची आणि शेगडीची असत. नेमका तोच भाग नष्ट झाल्यामुळे तो सरदार गुहेत राहत होता असे चित्र तयार झाले.

दुसरी गोष्ट अशी, की आज दिसणारे सगळे कोरीव काम किल्ल्याच्या काळातले असतेच असे नाही. स्लोउपचा सुमारे ३५ मीटर उंचीचा खडक हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. तेथला किल्ला तीस वर्षांच्या युद्धात १६३९ साली स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे विजनवासी साधू राहू लागले आणि खडकातले चर्च व आज पर्यटकांना दाखवली जाणारी कित्येक दालने त्यांच्या काळातली आहेत. त्यांतला एक साधू दुर्बिणी बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० च्या दशकात अशा आश्रमांवर बंदी घातली आणि ती वस्ती संपली. वालेचोव्हच्या भोवतालच्या खडकातील खोल्यांत तर गरीब कुटुंबे १८९२ पर्यंत राहत होती.

प्रश्न : मग कोरीव दालनाचे वय कसे ठरवतात?

अडचणीचे काम आहे. भिंत बांधताना चुना, लाकूड, विटा असे काहीतरी आत राहते. कोरताना असलेले काढून टाकले जाते आणि काळ सांगणारा पदार्थ मागे उरत नाही. हत्यारांचे ओरखडे, कोणती खोबण कोणत्या खोबणीला छेदून गेली आहे याचा क्रम, खोबणीत चुकून राहिलेला तुळईचा तुकडा आणि जुने दस्तऐवज यांचा मेळ घालावा लागतो. दस्तऐवजही जपून वापरावे लागतात. फ्लेकेनस्टाइन घराण्याचे नाव बाराव्या शतकात प्रथम आढळते. याचा अर्थ आज दिसणारा जिना तेव्हाच कोरला गेला असा होत नाही. वास्तुतज्ज्ञ श्पेक्लिनने १५८९ साली प्रसिद्ध केलेले या किल्ल्याचे चित्र सर्वत्र छापले जाते, परंतु त्यातला खडक प्रत्यक्षापेक्षा कितीतरी उंच आणि किल्ला आदर्श करून दाखवलेला आहे. पुरावा म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : स्लोव्हेनियातील प्रेदयामा हा जगातला सर्वांत मोठा गुहेतला किल्ला म्हणतात. तो कोरीव आहे का? आणि त्याच्या मालकाची शौचकूपात तोफगोळा लागून मृत्यू आल्याची गोष्ट खरी का?

प्रेदयामा कोरीव नाही. तो १२३ मीटर उंच कड्याच्या मध्यावर, पाण्याने चुनखडकात तयार केलेल्या नैसर्गिक गुहेच्या तोंडाशी बांधलेला आहे. आज दिसणारी पांढरी इमारत सोळाव्या शतकातली आहे. लुटारू सरदार एराझेमचा जुना किल्ला तिच्या मागे, गुहेत अधिक आत होता.

पंधराव्या शतकाच्या नवव्या दशकात पवित्र रोमन सम्राटाच्या वतीने त्रिएस्तेच्या सुभेदाराने या एराझेमला वेढा घातला. गुहेतून वर पठारावर निघणाऱ्या वाटेने त्याला रसद मिळत राहिली आणि तो वेढा घालणाऱ्यांवर ताज्या चेरी फेकून त्यांची थट्टा करत असे, अशी कथा आहे. शेवटी नोकर फितूर झाला, मालक शौचकूपात गेल्याची खूण त्याने केली आणि तोफ डागली गेली. सतराव्या शतकातील इतिहासकार वाल्वासोरने ही कथा नोंदवली, परंतु ती घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. वेढा आणि मृत्यू यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चेरी आणि शौचकूप मात्र लोककथेच्या खात्यात ठेवलेले बरे. शौचकूप भिंतीबाहेर काढलेल्या पातळ भिंतीच्या सज्जात असे आणि तोफेपुढे ती जागा खरोखरच सर्वांत दुबळी होती, एवढे कथेच्या बाजूने म्हणता येईल.

प्रश्न : देवगिरीचा किल्ला याच प्रकारात मोडतो का?

मोडतो, पण तेथे कोरण्याचा हेतू वेगळा आहे. युरोपातील वरच्या उदाहरणांत प्रामुख्याने आतली जागा मिळवण्यासाठी खडक कोरला गेला; देवगिरीत चढण्याची शक्यताच संपवण्यासाठी तो तासला गेला. सुमारे २०० मीटर उंचीच्या शंकूसारख्या टेकडीचा खालचा, जवळजवळ ५० मीटरांचा भाग भोवताली उभा तासून काढलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक कोरलेला आहे. हा खडक बेसाल्ट आहे, वालुकाश्माच्या कितीतरी पटींनी कठीण. खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे जाणारी वाट अंधारी नावाच्या वळणावळणाच्या कोरीव भुयारातून जाते. भुयाराच्या वरच्या तोंडावर लोखंडी झडप होती. तिच्यावर जाळ केला, की खालची वाट धुराने आणि उष्णतेने बंद होई. लढण्यासाठी म्हणून खडक कोरण्याचा इतका पूर्ण विचार आम्हांला वर उल्लेखिलेल्या एकाही युरोपीय किल्ल्यात आढळत नाही.

तरीही किल्ला पडलाच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने रामदेवराय यादवांना बेसावध गाठले आणि १६३३ मध्ये महाबतखानाने कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर तो घेतला, तेव्हा तासलेला कडा चढून कोणी वर गेले नव्हते. आतले धान्य संपले होते आणि बोलणी झाली होती.

प्रश्न : युरोपातले हे किल्ले शेवटी कसे पडले?

खडकाला भेदून पडले, अशी उदाहरणे विरळाच. द्राखेनफेल्सचा सुळका आज एवढा झिजला आहे, की स्थानिक लोक त्याला दाढ म्हणतात. तो अनेक सरदारांच्या सामाईक मालकीचा होता आणि फ्रान्झ फॉन झिकिंगेन हा त्यांतला एक. झिकिंगेनने ट्रियरच्या आर्चबिशपविरुद्ध युद्ध पुकारले, त्याचा १५२३ मध्ये पराभव झाला आणि विजयी राजांनी त्याच वर्षी द्राखेनफेल्स उद्ध्वस्त केला. बाकीच्या हिस्सेदारांना सहमालकाच्या राजकारणाची किंमत मोजावी लागली. फ्लेकेनस्टाइन १६८० मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने पाडला. तोवर असे किल्ले तोफखान्यापुढे निरुपयोगी ठरले होते आणि ते पाडण्यामागे शत्रूला आसरा मिळू नये एवढाच हेतू उरला होता.

कोरीव वाट मालकाच्याच विरुद्ध गेल्याचे एक उदाहरण इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे आहे. तेथला किल्ला भुयारांनी पोखरलेल्या वालुकाश्माच्या खडकावर आहे. १९ ऑक्टोबर १३३० च्या रात्री, किल्ल्याचे दरवाजे बंद असताना, तरुण राजा तिसऱ्या एडवर्डची माणसे खडकातल्या भुयारी वाटेने आत शिरली. ती वाट किल्ल्याच्याच एका अधिकाऱ्याने दाखवली होती. राजाच्या नावाने कारभार बळकावून बसलेला रॉजर मॉर्टिमर पकडला गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याला फाशी झाली. आज त्याच्या नावाने दाखवले जाणारे भुयार तेच, की खडकातले दुसरे एखादे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

प्रश्न : यांपैकी एखादाच किल्ला पाहायचा असेल, तर कोणता पाहावा?

जिना, टाके, तुळयांच्या खोबण्या आणि चिमट्याचे खळगे हे सगळे एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर फ्लेकेनस्टाइन. तेथून आल्टडान सीमेपलीकडे जवळच आहे आणि दोन्ही एका दिवसात पाहून होतात. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. विजेरी जवळ ठेवावी आणि ओल्या पायऱ्यांवर घसरणार नाहीत असे बूट घालावेत, कारण कित्येक पायऱ्यांचा मध्य झिजून खोलगट झाला आहे. भोवतालच्या सुळक्यांवर चढाई करण्याचा विचार असेल, तर हे लक्षात ठेवावे, की वसंत ऋतूत बहिरी ससाण्यांच्या विणीमुळे त्यांतले काही सुळके चढाईसाठी बंद ठेवलेले असतात.